टर्बोचा सांडवा: वेस्टगेटचं माप कसं ठरतं?

धरणाचा सांडवा केवढा बांधायचा, हे धरणात किती पाणी साठेल यावरून ठरत नाही. मोठा पूर आला तर येवा किती असेल आणि त्यातलं किती पाणी सोडून द्यावं लागेल, यावरून ते ठरतं. टर्बो बसवलेल्या गाडीत वेस्टगेटचं, म्हणजे जादा वायू सोडून देणाऱ्या झडपेचं, माप ठरवतानाही हाच हिशेब करायचा असतो. पण ‘इंजिनाची ताकद जास्त, म्हणून वेस्टगेट मोठं’ असं सरळ गणित पुष्कळ जण मांडतात आणि ते बऱ्याचदा साफ उलटं निघतं.

टर्बोचं काम थोडक्यात असं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू टर्बाइनचा पंखा फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर असतो. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त गेली की इंधन जास्त जाळता येतं, त्यातून वायू जास्त निघतो आणि टर्बाइन आणखी जोरात फिरतं. हे चक्र कुठेतरी अडवावंच लागतं. लहान गाड्यांतल्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. त्याला मोकळं सोडलं तर टर्बो तरी जाईल, नाहीतर इंजिन तरी. म्हणून टर्बाइनच्या आधी एक झडप बसवतात, तेच वेस्टगेट. बूस्ट, म्हणजे वातावरणापेक्षा जास्तीचा दाब, ठरलेल्या आकड्याला पोचला की तो दाब एका पडद्याला ढकलतो, पडदा स्प्रिंगला दाबतो आणि झडप उघडते. मग काही वायू टर्बाइनला वळसा घालून थेट पुढच्या पाइपात जातो.

१९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या दोन टर्बो गाड्या बाजारात आल्या. त्यांपैकी ओल्ड्समोबिल जेटफायरला वेस्टगेट होतं. शेवरोले कॉर्वेयर मोन्झा स्पायडरला मात्र ते नव्हतं. तिथे एक्झॉस्टची वाटच अशी आवळलेली होती, की टर्बाइनला फार जोर धरता येऊ नये. सांडवा नसलेल्या धरणात पाण्याचा येवाच रोखून धरावा, तसा तो उपाय होता. आजच्या गाड्यांना दोन्ही गोष्टी हव्या असतात. मोकळा एक्झॉस्टही हवा आणि आटोक्यातला बूस्टही. त्यामुळे सगळा भार वेस्टगेटवर येतो.

आता मुख्य मुद्दा. एकच इंजिन आणि एकच टर्बो घ्या. एकाला अर्धा बार बूस्ट हवाय, दुसऱ्याला दीड बार (बार हे दाबाचं माप; वातावरणाचा दाब साधारण एक बार). मोठं वेस्टगेट कोणाला लागेल? पटकन तोंडात येणारं उत्तर ‘दीड बारवाल्याला’ हे असतं. पण एक किलो हवा अर्ध्या बारपर्यंत दाबायला जेवढं काम लागतं, त्याच्या साधारण अडीचपट काम तीच हवा दीड बारपर्यंत दाबायला लागतं. हे सगळं काम टर्बाइननेच करायचं असतं. त्यामुळे दीड बारसाठी बहुतेक वायू टर्बाइनमधूनच जावा लागतो आणि वळसा घालायला फारसा काही उरत नाही. अर्ध्या बारला टर्बाइनचं थोडक्यात भागतं. उरलेला सगळा वायू वेस्टगेटने वाहून न्यायचा असतो. म्हणून मोठं वेस्टगेट अर्धा बारवाल्याला लागतं.

टर्बाइनच्या आकाराचंही तसंच आहे. लहान टर्बाइन कमी आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चटकन फिरू लागतं, पण आरपीएम चढले की इंजिनाचा सगळा वायू त्याला पेलत नाही. मोठं टर्बाइन उशिरा जागं होतं, पण वायू स्वतःच गिळतं. थोडक्यात, मोठं इंजिन, लहान टर्बाइन आणि कमी बूस्ट ही वेस्टगेटची सगळ्यात कठीण परीक्षा. लहान इंजिनावर भलामोठा टर्बो आणि जबर बूस्ट असेल, तर लहानसं वेस्टगेटही पुरतं.

माप कमी पडलं की काय होतं, हे बूस्टच्या काट्यावर स्पष्ट दिसतं. तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. काटा ०.७ बारला पोचतो आणि थांबतो. सगळं ठीक वाटतं. चार हजार आरपीएमनंतर तो हळूच सरकू लागतो. ०.८, ०.९, आणि सहा हजारला १.१. याला बूस्ट क्रीप म्हणतात. सुरुवातीला काटा एकदम उसळून लगेच खाली येतो, तो प्रकार वेगळा. तिथे झडप उघडायला उशीर झालेला असतो. क्रीपमध्ये झडप सताड उघडी असते, पण वाटच अपुरी असते. अशा वेळी स्प्रिंग बदला, बूस्ट कंट्रोलर (वेस्टगेटकडे जाणारा दाब कमी-जास्त करून बूस्ट ठरवणारं उपकरण) बदला, काही फरक पडत नाही. पेट्रोल इंजिनात हा जादा बूस्ट नॉकिंगला, म्हणजे सिलिंडरमधलं इंधन-हवेचं मिश्रण आपोआप भडकण्याला, आमंत्रण देतो आणि नॉकिंग पिस्टन फोडू शकतं. हा त्रास थंडीत वाढतो, कारण थंड हवा दाट असते आणि इंजिनात तिचं वजन जास्त जातं. नवा मोकळा एक्झॉस्ट बसवल्यावर तर हमखास उद्भवतो. टर्बाइनच्या पुढची अडचण दूर झाली की त्याच वायूतून ते जास्त जोर काढतं. कालपर्यंत पुरणारं वेस्टगेट आज अपुरं पडतं आणि मालक बिचारा स्प्रिंगला दोष देत बसतो.

मग सरळ सगळ्यात मोठंच का घेऊ नये? इथे थोडा हिशेब करू. टर्बाइनच्या आधीच्या पाइपातला दाबही झडपेला ढकलत असतो आणि तो दाब पुष्कळदा बूस्टपेक्षा जास्त असतो. समजा तो २ बार आहे. ३८ मिलिमीटरच्या झडपेवर त्याचा जोर साधारण २३ किलो वजनाएवढा पडतो. ६० मिलिमीटरच्या झडपेवर तोच दाब ५८ किलोंचा होतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. मोठ्या झडपेमागे तेवढाच दणकट पडदा आणि स्प्रिंग नसेल, तर बूस्ट पुरा होण्याआधीच ती उचलली जाते, वायू निसटतो आणि टर्बो सुस्तावतो. शिवाय झडप फक्त १ मिलिमीटर उघडली, तरी ३८ च्या भोवती सुमारे १२० चौरस मिलिमीटरची फट पडते आणि ६० च्या भोवती सुमारे १९० ची. जिथे जरासाच वायू सोडायचा आहे, तिथे मोठी झडप एकदम जास्त सोडते, मग मिटते, पुन्हा उघडते आणि बूस्टचा काटा वरखाली नाचत राहतो. तरीही दोन मापांत अडकलात तर मी मोठं घ्या असंच सांगेन. मोठ्या मापाचा त्रास योग्य स्प्रिंग लावून बराच कमी होतो; लहान माप इंजिनाच्या जिवावर उठतं.

झडप जास्त उघडून लहान माप भागेल का? नाही. झडप व्यासाच्या चौथ्या हिश्शाइतकी उचलली गेली की भोवतीची फट मूळ छिद्राएवढी होते. ३८ साठी ही उचल ९.५ मिलिमीटर आहे. त्यापुढे कितीही उघडली तरी छिद्र तेवढंच राहतं.

मापाइतकंच जागेकडेही लक्ष द्यायला हवं आणि तिथेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. सुसाट निघालेल्या वायूला एकदम वळायला आवडत नाही. सगळ्या सिलिंडरचे पाइप जिथे एकत्र येतात तिथून, प्रवाहाच्याच दिशेने हलका कोन देऊन वेस्टगेटची वाट काढली तर वायू आपणहून तिकडे वळतो. तीच वाट काटकोनात किंवा प्रवाहाच्या उलट काढली, तर ४४ चं वेस्टगेटसुद्धा नीट बसवलेल्या ३८ च्या मागे पडू शकतं. टर्बाइनच्या घरातच फळीसारखी झडप असलेल्या गाड्यांत जागा बदलता येत नाही. तिथे छिद्र घासून मोठं करतात, पण फळीने ते पूर्ण झाकलं जाईल एवढंच.

आणखी एक. बूस्ट कंट्रोलर स्प्रिंगच्या आकड्याच्या, म्हणजे नुसत्या स्प्रिंगवर जेवढा बूस्ट राहतो त्याच्या, वर जाऊ शकतो, खाली कधीच नाही. म्हणून स्प्रिंग आणि माप, दोन्ही निवडताना तुम्हाला कमीत कमी किती बूस्ट हवा आहे तो आकडा धरा. बसवून झालं की कंट्रोलर बाजूला काढा आणि बूस्टची नळी थेट वेस्टगेटला जोडा. आधी हातपंपाने दाब देऊन झडप कोणत्या आकड्याला हलू लागते ते पाहा. मग थंड हवेच्या दिवशी, मोकळ्या ट्रॅकवर, दुसऱ्या कुणाला काट्यावर नजर ठेवायला बसवून गाडी एकाच गिअरमध्ये शेवटच्या आरपीएमपर्यंत न्या. काटा सरकू लागला तर तिथेच पाय काढा. स्प्रिंगच्या आकड्याच्या आसपास जाऊन तो शेवटपर्यंत जागचा हलला नाही, तर माप बरोबर निवडलं आहे.