बाँडचं गाव आणि शिकण्याचं गाव

एमबीबीएस प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचा निकाल लागला की कॉलेजांच्या पसंतीचा प्रेफरन्स फॉर्म भरताना घरोघरी एक वाक्य ऐकू येतं : "खेड्यात तर सगळ्यांनाच जावं लागतं, मग सेवाग्राम काय नि दुसरं काय?" सेवाग्राम म्हणजे वर्ध्याजवळचं मेडिकल कॉलेज. या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत.

पहिली गोष्ट बाँड. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष शासकीय सेवा द्यायची, हे प्रवेशाच्या वेळीच लिहून द्यावं लागतं. दहा लाख रुपये भरून त्यातून मोकळं होण्याची वाट अनेक वर्षं होती. हे नियम शासन निर्णयांनी बदलतात, म्हणून आपल्या वर्षाचं माहितीपत्रकच वाचावं. पण मूळ कल्पना तीच : तुमच्या शिक्षणावर सरकारने खर्च केला, तो सेवेतून फेडा. गाव येतं ते शिकणं संपल्यावर.

दुसरी गोष्ट सेवाग्रामची. तिथे गाव पहिल्याच वर्षी येतं. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली ती खेड्यासाठी डॉक्टर घडवायलाच. नव्या मुलांचे पहिले दिवस बापूंच्या आश्रमात जातात : प्रार्थना, श्रमदान, सूतकताई, अंगावर खादी. त्यानंतर अख्खी बॅच एक गाव दत्तक घेते आणि पंधरा दिवस तिथेच मुक्काम करते. प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं येतात. कोण काय खातं, पाणी कुठून आणतं, कोणाच्या अंगात रक्त कमी आहे, हे त्या घरात बसून समजून घ्यायचं. शिबिर संपलं तरी पुढची वर्षं दर महिन्याला त्याच घरांत जायचं असतं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच परत जाणं. औषध लिहून दिलेली आजी पुढच्या महिन्यात सांगते की गोळ्या संपल्या, आणायला तालुक्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते. हा धडा वॉर्डात मिळत नाही.

घोळ वाढायला आणखी एक कारण आहे. आता सगळ्याच मेडिकल कॉलेजांत कुटुंब दत्तक कार्यक्रम अभ्यासक्रमात आला आहे, आणि इंटर्नशिपमध्ये पीएसएमची, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राची, पोस्टिंगही 12 आठवड्यांची असते. दोन्ही चांगलंच आहे. पण ती सर्वांसाठीची किमान अट झाली. ज्या संस्थेचा पायाच गाव आहे तिथली सवय वेगळी.

मग तयारी कशी करायची? सेवाग्रामची स्वतःची प्रवेश परीक्षा होती तेव्हा गांधी विचारांचा वेगळा पेपर असायचा. त्या निमित्ताने तरी मुलं वाचायची, आपल्याला हे जमेल का असा विचार करायची. नीट आल्यापासून ते कोणी विचारत नाही, म्हणून तो पेपर मुलांनी स्वतःच स्वतःला घालावा, असं मी आग्रहाने सांगते. निकालानंतरच्या रिकाम्या दिवसांत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घ्या आणि लसीकरणाच्या दिवशी आशाताईंबरोबर गावात फिरा. साधारण तीस हजार लोकांमागे असं एक केंद्र असतं, आदिवासी भागात वीस हजारांमागे. ती गर्दी एकदा डोळ्यांनी पाहा. एखाद्या घरी बाळाला डोस द्यायला नकार मिळतो, तेव्हा ताई काय बोलतात, किती वेळ उंबऱ्यावर थांबतात, ते नीट ऐका. जमलं तर पुढच्या महिन्यात त्याच घरी पुन्हा जा.

परत येताना पाय जड झाले की मन हलकं झालं, ते ध्यानात ठेवा आणि मग फॉर्म उघडा.