जळक्या ऑइलला भाव, हिरव्या पाण्याला गटार: सीमाभागातल्या गॅरेजांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी, कुठल्याही गॅरेजात डोकावून पाहा. जळक्या ऑइलचं बॅरल कोपऱ्यात झाकण लावून जपून ठेवलेलं दिसेल, कारण ते नेणारा ठरल्या दिवशी येतो आणि रोख पैसे मोजतो. त्याच गॅरेजात रेडिएटरमधून सोडलेलं हिरवं पाणी (कूलंट), जुनं ब्रेक ऑइल, बॅटरीचं ॲसिड आणि गाडी धुतलेलं पाणी मात्र बहुतेक वेळा थेट गटारात जातं. मिस्त्री बेफिकीर असतो म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. एका पदार्थाला बाजारात भाव मिळाला, बाकीच्यांना कधीच मिळाला नाही, आणि कायदा या हिशेबात फार उशिरा शिरला.

दुरुस्तीचा धंदा या भागात जुना आहे. किर्लोस्कर बंधूंचं सायकलींचं दुकान बेळगावात १८८८ साली सुरू झालं. त्यांचा कारखाना १९१० मध्ये औंध संस्थानात गेला, पण यंत्र उघडून दुरुस्त करणारे हात इथे तयार होतच राहिले. पुढे उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्री आणि मशीनशॉप उभे राहिले, पुणे-बंगळूर रस्त्यावर ट्रक वाढले. निपाणीची तंबाखू, चिक्कोडी भागातला ऊस, चोर्ला आणि अनमोड घाटांतून गोव्याला जाणारा भाजीपाला, सगळ्याला गाडी लागली आणि गाडीला गॅरेज. गळीत हंगामाच्या आधी ट्रॅक्टर दुरुस्तीला रांगा लागतात, त्या काळात जळकं ऑइलही सर्वांत जास्त निघतं.

बैलगाडीच्या आसाला घातलेलं वंगण तिथेच संपायचं. इंजिनाचं तसं नाही. ट्रकच्या एका बदलीत पंधरा-वीस लिटर काळं तेल खाली येतं आणि ते कुठेतरी ठेवावंच लागतं. सीमाभागाने त्याला कामं शोधून दिली. सेंट्रिंगच्या प्लेटांना काँक्रीट चिकटू नये म्हणून ते फासलं गेलं, गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून लावलं गेलं, वीटभट्टीत जाळलं गेलं. त्याला कचरा कोणी म्हटलंच नाही. ते विष आहे, हेही कोणी सांगितलं नाही. इंजिनात तापून तापून तेलात पॉलिॲरोमॅटिक हायड्रोकार्बन तयार होतात, म्हणजे कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं, आणि झिजलेल्या धातूंचे कण त्यात मिसळतात. भारतात सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून आलं. तोवर पेट्रोल गाड्यांच्या जळक्या तेलात शिसंही भरपूर असायचं. भट्टीच्या साध्या जाळात हे धातू नष्ट होत नाहीत, धुरात आणि राखेत जातात.

दुचाकींची गोष्ट वेगळी, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. लुना, चेतकच्या टू-स्ट्रोक जमान्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि निळा धूर होऊन जायचं. गल्लीतल्या मिस्त्रीकडे इंजिन ऑइल काढायचा प्रश्नच नव्हता, गिअरबॉक्सचं थोडंफार निघे तेवढंच. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, पुढे धुराचे नियम कडक होत गेले आणि फोर-स्ट्रोकने बाजार व्यापला. हवा थोडी सुधारली, पण दर बदलीला जवळपास लिटरभर काळं तेल मागे राहू लागलं, तेही हजारो लहान गॅरेजांत विखुरलेलं.

कायदा याच लहान गॅरेजांना चुकवत आला. पाणी प्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ चा, कर्नाटकाचं प्रदूषण नियंत्रण मंडळही त्याच वर्षीचं. भोपाळनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे पहिले नियम. त्यात टाकाऊ तेल होतं, पण वर्षाला १,००० किलोच्या वर निघालं तरच. दिवसाला तीन मोटारसायकलींचं ऑइल बदलणारं गॅरेज वर्षभरात साधारण ९०० लिटर काढतं, वजनात आठशे किलोच्या आसपास. म्हणजे नियमाबाहेर. अशी शंभर गॅरेजं एका शहरात असली तरी कागदावर एकही नाही.

दरम्यान प्रश्न बंदरावर येऊन ठेपला. वंगण तेल म्हणून आयात झालेले १३३ कंटेनर न्हावा शेवाला अडकले. तपासणीत ते घातक टाकाऊ तेल ठरलं आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला. त्याआधी २००३ च्या दुरुस्तीने वापरलेलं तेल आणि टाकाऊ तेल यांच्यात रेघ ओढली होती: पुन्हा शुद्ध करता येईल ते वापरलेलं, आणि ते नोंदणीकृत रिरिफायनरीला, म्हणजे जुनं तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यालाच द्यायचं. ही रेघ गॅरेजवाल्याच्या फार कामाची आहे. तेल झिजून संपत नाही, मळतं. ते निर्वात ऊर्ध्वपातनाने, म्हणजे कमी दाबाखाली तापवून वाफ वेगळी काढून, पुन्हा वंगण बनू शकतं. पण त्याच बॅरलमध्ये थिनर, ब्रेक ऑइल किंवा कूलंट ओतलं की सगळं बॅरल बाद. फिल्टरला भोक पाडून रात्रभर पालथा ठेवला तर त्यातलंही तेल बॅरलमध्ये येतं, नाहीतर फिल्टर तेलासकट भंगारात जातो. २०१६ च्या नियमांत साठवणुकीला ९० दिवसांची मर्यादा आहे, आणि त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत वाहन दुरुस्ती नारिंगी गटात, म्हणजे मध्यम प्रदूषण करणाऱ्या उद्योगांत गेली.

आता भाव नसलेल्या पदार्थांकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथे आहे. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड आणि जनावराला जीवघेणं. बॅटरीच्या शिशाला मोल असल्यामुळे जुनी बॅटरी देऊन नवी घेण्याची पद्धत रुळली आणि २००१ च्या नियमांनी ती विक्रेत्यावर बंधनकारक केली. पण आतलं सल्फ्युरिक ॲसिड कोणालाच नको असतं, म्हणून भंगारात जाण्याआधी ते गटारात रिकामं होतं. बॅटरी भरलेलीच, उभी परत जायला हवी. सांडलंच तर त्यावर चुना किंवा खायचा सोडा टाकावा, पाणी मारून पुढे ढकलू नये.

बेळगावात हे गटार फार लांब जात नाही. वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाली पाणी झिरपू देणारा जांभा, आणि परसातल्या विहिरी. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही शहराच्या अभिमानाची गोष्ट आहे. बळ्ळारी नाला पावसाळ्यात पात्राबाहेर येतो तेव्हा शहापूर, वडगावच्या भातशिवारात शहराचं सगळं सांडपाणी पसरतं. त्यात गॅरेजांचा वाटा किती, हा वादाचा विषय होऊ शकेल. पण एक लिटर जळकं तेल दहा लाख लिटर गोडं पाणी बिघडवू शकतं, हा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा हिशेब लक्षात घेतला तर थोड्या वाट्यानेही बासमतीच्या शेतकऱ्याचं नुकसान होतं, आणि त्याचं दुःख मला गॅरेजच्या अडचणीपेक्षा मोठं वाटतं.

वॉशिंग सेंटरसाठी तीन कप्प्यांची टाकी हा जुना, साधा उपाय आहे. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं, आणि पुढे जाणारा पाइप तळाजवळून पाणी उचलतो, म्हणून तेल मागे राहतं. अनेक ठिकाणी टाकी असूनही तेल बाहेर येतं, कारण फरशी साबणाच्या पावडरीने धुतलेली असते. साबणाने तेलाचे बारीक थेंब पाण्यात मिसळून राहतात, तरंगत नाहीत, आणि टाकी निकामी ठरते. म्हणून सांडलेल्या तेलावर आधी लाकडाचा भुसा टाकून झाडून घ्यायचं, पाणी शेवटी. सुटे भाग धुतलेलं रॉकेल दोन दिवस स्थिर ठेवलं की वरचं स्वच्छ रॉकेल पुन्हा वापरता येतं. जुन्या मिस्त्रींना हे ठाऊक आहे, ते हे करायचेच.

सीमेचा पेच मात्र फक्त आपला. निपाणीला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, त्यामुळे बॅरल कोगनोळीच्या सीमेपलीकडे महाराष्ट्रात जाणं साहजिक आहे. २०१६ च्या नियमांनुसार पुनर्वापरासाठी असा माल दुसऱ्या राज्यात पाठवताना दोन्ही राज्यांच्या मंडळांना आधी कळवावं लागतं. नष्ट करण्यासाठी पाठवायचा तर दोन्हीकडचं ना-हरकत पत्र लागतं. पाच बॅरलवाल्या मिस्त्रीने हे एकट्याने करावं ही अपेक्षाच चुकीची आहे. गॅरेजवाल्यांच्या संघटनेने एकत्र साठा करून एकच नोंदणीकृत वाहतूकदार ठरवला, आणि नियमांचं एक पान मराठीत छापून प्रत्येक गॅरेजात लावलं, तर बॅरल कुठे गेलं याचा माग कागदावर राहील.

१ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही जबाबदारी आली आहे. विकलेल्या तेलाच्या प्रमाणात पुनर्वापर करून दाखवायचा, सुरुवात ५ टक्क्यांनी आणि २०३०-३१ पर्यंत ५० टक्के. याचा अर्थ जळक्या ऑइलमागे धावणारे वाढतील आणि त्याचा भाव टिकेल. कूलंट, ब्रेक ऑइल आणि ॲसिडच्या पाण्यासाठी गॅरेजच्या दारात येणारा अजून कोणी नाही. महापालिकेने किंवा कूलंट विकणाऱ्या वितरकांनी महिन्यातून एकदा त्यांचे वेगळे डबे उचलायची सोय केली पाहिजे.