पार्श्वभूमी: मानेतली शीर आणि ‘लिंग ओळखण्याची क्षमता’

सेंट्रल लाइन, म्हणजे मानेतल्या मोठ्या शिरेतून हृदयाजवळ पोचवलेली नळी, सोनोग्राफीवर बघून टाकावी, यावर आता फारसं दुमत नाही. आपल्याकडे घोडं अडतं ते मशीन पेशंटच्या खाटेपर्यंत आणण्यापाशी, आणि त्याचं मूळ गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्यात आहे.

१९२९ साली एका जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली. १९५३ मध्ये स्वीडनमधून गाइडवायरची पद्धत आली: आधी सुईतून पातळ तार, मग तिच्यावरून नळी. पुढे कित्येक वर्षं मानेतली शीर ‘लँडमार्क’वर, म्हणजे शरीरावरच्या खुणांवर शोधली गेली: स्टर्नोमास्टॉइड या मानेच्या स्नायूच्या दोन फाट्यांमधला त्रिकोण, बोटाखाली कॅरोटिड या मानेतल्या धमनीचा ठोका, सुईचा रोख त्याच बाजूच्या स्तनाग्राकडे. हात बसलेल्याला हे जमायचं. पण कुणाची शीर थेट कॅरोटिडवर पसरलेली असते, तर डायलिसिसच्या पेशंटमध्ये ती जुन्या नळ्यांमुळे गुठळी होऊन बुजलेली असते. बोटाला हे कळणं शक्यच नाही.

२००२ मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक संस्थेने तातडी नसताना, आधी ठरवून टाकायच्या मानेतल्या लाइनसाठी पडद्यावर शीर बघण्याची पद्धतच पसंत ठरवली. रक्तप्रवाह नुसता ऐकवणाऱ्या डॉप्लरच्या आवाजावर विसंबू नये, असंही सांगितलं. अनुभवी भूलतज्ज्ञांनी तेव्हा कुरकुर केली होती. ती हळूहळू मावळली.

आपल्याकडची वाट वेगळी. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. त्याची गरज होती आणि आजही आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गुंता झाला तो २००३ च्या दुरुस्तीतल्या शब्दांचा. गर्भाचं लिंग ओळखण्याची ‘क्षमता असलेलं’ कोणतंही उपकरण नोंदणी नसलेल्याला विकता येणार नाही, असं तिने ठरवलं. मशीन कशासाठी वापरणार, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला. मानेसाठी लागतो तो उच्च वारंवारतेचा लिनियर प्रोब (प्रोब म्हणजे मशीनचा त्वचेवर टेकवायचा भाग); त्याला जेमतेम काही सेंटिमीटर खोलीपर्यंत नीट दिसतं. पण त्याच मशीनला पोटाचा प्रोबही जोडता येतो, हा कायद्याच्या बाजूचा मुद्दा खोटा नाही. मग फक्त लिनियर प्रोब चालेल असं मशीन वेगळ्या वर्गात का घालू नये? भूलतज्ज्ञ हे मागत आले आहेत, आणि ती मागणी मला रास्त वाटते.

२०१२ च्या नियमांनी गाठ आणखी आवळली. पोर्टेबल मशीन नोंदणी झालेल्या जागेतच, तिथे दाखल असलेल्या पेशंटसाठी वापरायचं. अपवाद फिरत्या वैद्यकीय पथकाचा. गर्भलिंगनिदान करणाऱ्या टोळ्या गाडीत मशीन घालून गावोगाव फिरत होत्या, त्यांना आळा घालायला हे हवंच होतं. मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूला याचा फारसा जाच होत नाही. एकदा नोंदणी केली की झालं. तालुक्याच्या गावी मात्र भूलतज्ज्ञ एकच असतो आणि दिवसभरात तीन-चार नर्सिंग होम करतो. लॅरिंगोस्कोप, ट्यूब, औषधं, सगळं त्याच्या बॅगेत असतं. स्वतःचं मशीन मात्र त्याला एका दारातून दुसऱ्या दारात नेता येत नाही. पुढच्या नर्सिंग होममध्ये शॉकमधला, म्हणजे रक्तदाब कोसळलेला पेशंट असला आणि तिथे नोंदणी केलेलं मशीन नसलं, तर तो पुन्हा कॅरोटिडवर बोट ठेवून सुईचा कोन ठरवतो.