लिज्जत पापड : विक्री व व्यवस्थापनाची पद्धत

मुंबईतील ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ या संस्थेने 1959 पासून घडवत नेलेली, काम करणाऱ्या स्त्रियांच्याच मालकीचा उद्योग वाढवण्याची पद्धत. व्यवस्थापनाच्या वर्गात हा दाखला हमखास निघतो, आणि बहुतेकदा ‘80 रुपयांवर उभा राहिलेला धंदा’ एवढ्यावरच आटोपतो. उसने भांडवल लवकरच फिटले होते. त्यानंतरचा सगळा व्याप उभा राहिला तो रोजचा हिशेब रोज मिटवण्यावर आणि मालाच्या एकाच दर्जावर.

आरंभ. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटले. जसवंतीबेन पोपट त्यांच्यापैकी एक. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. भारत सेवक समाजाचे सदस्य छगनलाल करमसी पारेख, म्हणजे छगनबापा, यांच्याकडून 80 रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली आणि ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये होती. तुटके पापड शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून टाकत. पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी खाटेवर पापड पसरून खाली स्टोव्ह पेटवण्याची युक्ती काढली आणि काम बारमाही झाले.

सुरुवातीला दोन प्रतींचे पापड होत असत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबापांनी हे थांबवले. पापड एकाच प्रतीचा करा, त्यात तडजोड नको, आणि जमाखर्च पेढीसारखा चोख ठेवा, असा त्यांचा सल्ला होता. देणगी कोणाकडूनही घ्यायची नाही, तोटा आला तरी नाही, हेही आरंभीच ठरले. धर्मादाय संस्थेचा माल लोक एकदा दयेपोटी घेतात. दुसऱ्यांदा घेतात ते चवीसाठी. हा फरक या बायकांना फार लवकर उमगला असे म्हणावे लागते. ‘लिज्जत’ हे नाव 1962 साली स्पर्धा लावून निवडले गेले. बक्षीस होते 5 रुपयांचे. 1962–63 मध्ये विक्री 1.82 लाख रुपयांवर गेली.

कामाची रीत. दोन-तीन वर्षांत सभासद भगिनींची संख्या शेकड्यांत गेली आणि गच्ची अपुरी पडू लागली. मग मळलेले पीठ घरी न्यायचे आणि पापड लाटून आणायचे, अशी विभागणी झाली. जागेच्या अडचणीतून निघालेली ही तोडच पुढे संस्थेचा कणा ठरली, कारण तिच्यामुळे कारखान्याची इमारत न बांधता उत्पादन वाढवता आले. शाखेत पहाटे पीठ मळले जाते. भगिनींना आणण्यासाठी संस्थेच्या छोट्या बस असतात. बाई आदल्या दिवशीचे वाळलेले पापड घेऊन येते. ते तपासले जातात, वजन होते, किलोच्या दराने लाटणावळ (संस्थेच्या बोलीत ‘वणाई’) हातात पडते आणि नवे पीठ घेऊन ती घरी परतते. महिनाअखेरची वाट पाहणे नाही. ज्या घरात सकाळच्या पैशांतून संध्याकाळचे वाणसामान येते, तिथे या एका नियमाचे मोल कोणत्याही बोनसपेक्षा जास्त असते.

नव्या भगिनीला घेण्यापूर्वी तिचे घर पाहून येतात. स्वच्छता आहे का, पापड वाळत घालायला जागा आहे का, हे बघितले जाते. सुरुवातीला वयाची अट नव्हती. नंतर किमान 18 वर्षांची अट आली. जात, धर्म, शिक्षण यांची अट मात्र नाही.

हजारो घरांत लाटलेल्या पापडाची चव एक कशी राहते? याचे उत्तर खरेदीत आहे. उडीद डाळ, हिंग, मिरी अशा जिन्नसांची खरेदी मध्यवर्ती होते आणि तिथूनच ते शाखांना पुरवले जातात. हिंग अफगाणिस्तानचा, मिरी केरळची. प्रमाण ठरलेले असल्याने शाखेला त्यात स्वतःचे डोके चालवायला वाव नाही. लाटण्यातला उणा-अधिकपणा तपासणीत पकडला जातो.

मालकी आणि कारभार. प्रत्येक सभासद भगिनी मालक मानली जाते. पुरुष पगारी कामाला असतात, हिशेबनीस, चालक म्हणून. त्यांना सभासद होता येत नाही. मध्यवर्ती व्यवस्थापन समिती 21 जणींची असून शाखेचा कारभार संचालिका पाहते. संचालिका बहुधा लाटणाऱ्यांतूनच वर आलेली असते. निर्णय एकमताने व्हावेत असा दंडक आहे, त्यामुळे ते सावकाश होतात. नफा झाला तर तो शाखेतल्या सर्व भगिनींत समान वाटला जातो. काही वेळा तो सोन्याच्या नाण्यांच्या रूपात दिला गेला आहे.

1961 मध्ये मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न फसला. 1966 साली संस्थेची सोसायटी म्हणून नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने मान्यता दिली. खेळते भांडवल व करसवलत मिळाल्यावर विस्ताराला वेग आला. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा 1968 मध्ये गुजरातेत वालोड येथे निघाली.

विक्री. वितरक अनामत भरतो, ठरलेला माल उचलतो आणि रोख पैसे मोजतो. उधारी नाही. सकाळी लाटणावळ रोखीने द्यायची तर वितरकाकडे पैसे अडकून चालत नाही, असा हा सरळ मेळ आहे. निर्यातही संस्था स्वतः करत नाही. निर्यातदार व्यापारी मुंबईत माल विकत घेऊन परदेशी धाडतात.

जाहिरात बरीच उशिरा आली, पण आली ती ठसठशीत. दूरदर्शनवरचा ‘कर्रम कुर्रम’ करत हसणारा ससा एका पिढीला तोंडपाठ आहे. ती बाहुली आणि ते हसणे बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारे रामदास पाध्ये यांचे. बाहुली घरगुती वाटते आणि पापडही. नटनटीच्या चेहऱ्यापेक्षा ते जास्त चपखल बसले.

इतर उत्पादने आणि मर्यादा. खाखरा, मसाले, वडी, बेकरीचे पदार्थ आणि 1988 मध्ये ‘ससा’ ही कपडे धुण्याची पावडर, असा विस्तार झाला. चामड्याच्या वस्तू, आगपेट्या आणि अगरबत्ती हे उद्योग मात्र गुंडाळावे लागले. लाटण्याची जी सवय घरातल्या बाईच्या हातात आधीपासून असते, ती या कामांत उपयोगी नव्हती, हे त्यामागचे एक कारण मानता येईल.

टीकाही आहे. भगिनी ‘मालक’ असल्याने कामगार कायद्यांतले पगार-रजेचे हक्क त्यांना आपोआप लागू होत नाहीत. मिळकत वजनावर असते, त्यामुळे आजारपणात हात थांबला की पैसाही थांबतो. यंत्राने पापड लाटायचे नाहीत या धोरणाने रोजगार टिकला, पण पाठ आणि मनगटे तीच राबतात. दुसरीकडे, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या बाईला वही सांभाळण्यापासून शाखा चालवण्यापर्यंत नेणारी वाट मोठ्या उद्योगांत सहसा सापडत नाही. आज संस्थेच्या सभासद भगिनींची संख्या सुमारे 45 हजार सांगितली जाते, तर वार्षिक उलाढाल 1,600 कोटी रुपयांच्या आसपास.