रिकॉम्बिनंट बीसीजी आणि रिकॉम्बिनंट प्रथिन: आडनाव एक, घरं दोन

बाळ जन्मलं की डाव्या दंडावर बीसीजी आणि मांडीत हिपॅटायटिस बीची लस टोचतात. दंडातली लस जिवंत असते. गाईगुरांना क्षय करणारा जंतू काल्मेट आणि गेरँ यांनी फ्रान्समधल्या लील शहरात पित्त आणि ग्लिसरीन लावलेल्या बटाट्यावर १३ वर्षांत २३० वेळा वाढवला, आणि तो बोथट झाला. तोच हा बीसीजी. मांडीतल्या लशीत जिवंत काहीच नसतं. यीस्टकडून बनवून घेतलेलं विषाणूचं एक प्रथिन असतं, बस्स. क्षयाच्या नव्या लशींबद्दल वाचताना ही दंड-मांडी लक्षात ठेवा, कारण दोन्ही घरांतल्या उमेदवारांना बातम्यांत ‘रिकॉम्बिनंट लस’ असं एकच नाव दिलेलं असतं.

रिकॉम्बिनंट म्हणजे एका जीवाचं जनुक दुसऱ्यात बसवलं, एवढंच. शेवटी सिरिंजमध्ये काय भरलं, ते या शब्दावरून कळत नाही.

व्हीपीएम१००२ मध्ये अख्खा जंतू भरलेला असतो. ही लस बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत तयार झाली आणि पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने हाती घेतली. आहे ती बीसीजीच, पण युरिएजचं जनुक काढून त्या जागी लिस्टेरिया जंतूचं लिस्टेरिओलायसिनचं जनुक घातलेली. आपली भक्षक पेशी बीसीजीला गिळते तेव्हा तो एका कप्प्यात कोंडला जातो. लिस्टेरिओलायसिन त्या कप्प्याला भोकं पाडतं, जंतूचे अंश पेशीत सांडतात आणि प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना त्याचा सुगावा जास्त चांगला लागतो. युरिएज का काढलं? ते अमोनिया तयार करून कप्पा आंबट होऊ देत नाही, आणि लिस्टेरिओलायसिनचं तर आंबटाशिवाय चालत नाही. मला ही जोडणी फार हुशारीची वाटते.

एम७२ या दुसऱ्या उमेदवार लशीत जंतू नाहीच. क्षयजंतूच्या दोन प्रथिनांची जनुकं जोडून ई. कोलाय या जंतूत घातली आणि त्याने बनवलेलं जोडप्रथिन शुद्ध करून घेतलं. नुसत्या शुद्ध प्रथिनाकडे शरीर फारसं लक्ष देत नाही, म्हणून सोबत एएस०१ई नावाचं अ‍ॅडज्युव्हंट, म्हणजे प्रतिकारशक्तीला जागं करणारं मिश्रण, लागतं. त्यातला एक घटक किलाया या दक्षिण अमेरिकेतल्या झाडाच्या सालीतून काढतात.

लशींची परीक्षा घेताना हा फरक खरा जाणवतो. प्रथिन तपासताना पहिला संशय घ्यायचा तो त्याच्या सोबत्यांवर. ई. कोलायच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन थोडं जरी उरलं तरी ते प्रतिकारशक्तीला डिवचतं, आणि श्रेय मात्र प्रथिनाला जातं. म्हणून आधी एंडोटॉक्सिन मोजायचं. मग उंदरांचा किंवा गिनीपिगांचा एक गट फक्त अ‍ॅडज्युव्हंटचा, एक फक्त बीसीजीचा आणि एक प्रथिन अधिक अ‍ॅडज्युव्हंटचा ठेवायचा. पुढे सगळ्यांना श्वासावाटे मोजके क्षयजंतू द्यायचे आणि काही आठवड्यांनी फुप्फुसात नि प्लीहेत किती वाढले ते मोजायचं. फक्त अ‍ॅडज्युव्हंट दिलेला गट नसेल, तर मी असा निकाल बाजूला ठेवतो.

जिवंत लशीला आणखी एक परीक्षा असते: ती पुरेशी दुबळी आहे का? त्यासाठी प्रतिकारशक्तीच नसलेल्या उंदरांत ती टोचून बघतात. हा प्रश्न पुस्तकी नाही. एचआयव्हीबाधित बाळात साधी बीसीजीही अंगभर पसरू शकते. प्रथिन वाढत नाही, त्यामुळे तिथे ही भीती नाही.

माणसांत एम७२ ची मोठी परीक्षा दक्षिण आफ्रिका, केनिया आणि झांबियात झाली. शरीरात क्षयजंतू दडलेल्या पण आजारी नसलेल्या प्रौढांना लस दिली. तीन वर्षांत लस घेतलेल्यांपैकी १३ जणांना फुप्फुसाचा टीबी झाला, न घेतलेल्या साधारण तेवढ्याच लोकांपैकी २६ जणांना. म्हणजे संरक्षण ५० टक्क्यांच्या आसपास. मार्च २०२४ मध्ये चाचणीचा तिसरा टप्पा सुरू झाला. प्रथिन म्हटलं की यश, असं मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेतल्याच ९९० किशोरांच्या चाचणीत एच४ या प्रथिन-लशीने टिकाऊ संसर्ग ३०.५ टक्क्यांनी कमी केला, तर दुसऱ्यांदा दिलेल्या साध्या बीसीजीने ४५.४ टक्क्यांनी. पुढे मोठ्या चाचणीत बीसीजीचा तो फायदाही दिसला नाही.

आणखी एक गल्लत पुण्यातूनच येते. सीरमचीच ‘सीवाय-टीबी’ ही सुई हाताच्या कातडीत देतात. तिच्यातही क्षयजंतूची दोन रिकॉम्बिनंट प्रथिनं असतात, पण ती लस नाही. दोन-तीन दिवसांनी तिथे गाठ किती उठली, त्यावरून संसर्ग ओळखायचा. दंडावर बीसीजीचा वण असला तरी ही तपासणी फसत नाही, कारण ती दोन प्रथिनं बनवणारी जनुकं बीसीजीने त्या बटाट्यांवर वाढता वाढताच गमावली.