कॅप्सूल एंडोस्कोपी: कॅमेरा गिळण्याआधी पोट साफ कसं कराल?

आमच्या केंद्रात तपासणीची तारीख घेतलेले रुग्ण आणि त्यांच्या घरची मंडळी यांच्यासाठी

घशातून नळी घालून एंडोस्कोपी करताना डॉक्टरांना वाटेत काही चिकटलेलं दिसलं, तर ते पाणी मारून धुता येतं आणि साचलेलं ओढून घेता येतं. कॅप्सूलला यातलं काहीच जमत नाही. साधारण 26 मिलिमीटर लांब आणि 11 मिलिमीटर रुंद अशी ही गोळी आतड्याच्या हालचालीबरोबर पुढे सरकते आणि समोर येईल त्याचा फोटो काढते. समोर काल रात्रीची मेथीची भाजी असली, तर फोटो मेथीचा येतो! सेकंदाला दोन धरले तरी आठ तासांत 57,600 फोटो होतात. त्यातले कामाचे किती, हे बरंचसं तुमच्या आदल्या दिवसावर ठरतं.

ही तपासणी बहुतेक वेळा लहान आतड्यासाठी सांगतात. हिमोग्लोबिन सारखं उतरतं, शौचाला काळी होते, पण वरून आणि खालून दोन्ही दुर्बिणी घालूनही कारण सापडत नाही. रक्त झिरपणारी जागा कधीकधी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते. तिच्यावर एक बुडबुडा आला तरी ती दिसत नाही.

आठवडाभर आधी

लोहाच्या गोळ्या बंद करायच्या, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं हेच राहून जातं. रक्त कमी म्हणूनच तर गोळ्या चालू असतात, त्यामुळे त्या थांबवायला मन धजत नाही. पण लोहामुळे आतड्यातला मळ काळा होतो आणि अस्तरावर काळा थर दिसतो. पाच ते सात दिवस खंड पडला तर बिघडत नाही. तरी तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. इसबगोल आणि अल्सरसाठी देतात ते सुक्रालफेटचं घट्ट औषधही कधी थांबवायचं ते तेव्हाच विचारा. सांधेदुखीच्या गोळ्या घेत असाल तर सांगा, त्यांनीही लहान आतड्याला जखमा होतात. रक्त पातळ करणारं औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आदला दिवस

दुपारी मऊ भात किंवा पातळ पेज, तेही लवकर. पालेभाजी, सालीची फळं, बिया, तीळ, नाचणी, बीट काही नको. त्यानंतर फक्त पारदर्शक पातळ पदार्थ. ओळखायची खूण सोपी आहे: काचेचा पेला वर्तमानपत्रासमोर धरा, पलीकडची अक्षरं वाचता आली तर चालेल. नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा चालतो. दूध, ताक, वरणाचं पाणी नाही. कोकम सरबतही नाही, कारण लाल रंग रक्तासारखा दिसतो.

‘उपाशी राहा’ म्हटल्यावर साबुदाण्याची खिचडी खाऊन येणारे आहेत, म्हणून स्पष्टच लिहितो: साबुदाणा, भगर, शेंगदाणे बंद. तंबाखू, गुटखा, मिश्रीसुद्धा.

संध्याकाळी 5 वाजता पॉलिइथिलीन ग्लायकॉलची (पोट साफ करणारी) पावडर दोन लिटर पाण्यात विरघळवून प्यायला सुरुवात करा. दर पंधरा मिनिटांनी एक पेला, म्हणजे दोन तासांत संपते. चव खारट-गुळमट, खरं सांगायचं तर वाईटच आहे. फ्रिजमध्ये गार केल्यावर त्यातल्या त्यात सुसह्य होते. मळमळलं तर थोडं थांबा, पण अर्धवट सोडू नका. शेवटी शौचाला पिवळसर पाणी झालं की समजा झालं. वयस्कर माणसाजवळ त्या रात्री कुणीतरी थांबा आणि संडासातला दिवा चालू ठेवा. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल, तर हे औषध घेण्याआधी आम्हाला फोन करा.

मधुमेह असेल तर गोळ्या आणि इन्सुलिन किती घ्यायचं हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. उपाशीपोटी नेहमीचा डोस घेतला तर साखर घसरते.

तपासणीच्या दिवशी

आदल्या रात्री 10 नंतर पोट रिकामं ठेवा. बीपीची गोळी कॅप्सूलच्या दोन तास आधी घोटभर पाण्याबरोबर घ्या. सैल, दोन भागांचे कपडे घाला. कॅप्सूलचे फोटो साठवणाऱ्या रेकॉर्डरचा पट्टा साडीवर बांधणं अवघड जातं. पोटाला तेल-पावडर नको.

आल्यावर आम्ही पाण्यातून सिमेथिकोन देतो. त्याने फेसाचे बुडबुडे फुटतात. कॅप्सूल गिळल्यावर काही वेळाने ती कुठे पोहोचली ते आम्ही रेकॉर्डरच्या पडद्यावर बघतो. जुन्या मधुमेहात जठर सावकाश रिकामं होतं. कॅप्सूल तिथेच रेंगाळली असेल तर उजव्या कुशीवर झोपायला सांगतो किंवा जठराची हालचाल वाढवणारं औषध देतो. दोन तासांनी पाणी, चार तासांनी हलकं काही, इडली चालेल.

हे आधीच सांगा

आतड्याचा टीबी, क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार), पोटाचं जुनं ऑपरेशन, जेवल्यावर कळ येऊन पोट फुगणं, गिळताना अडकणं, पेसमेकर, गरोदरपण. आतडं कुठे अरुंद असेल तर कॅप्सूल अडकू शकते आणि कधी ती काढायला ऑपरेशन लागतं.

कॅप्सूल सहसा दोन-तीन दिवसांत शौचावाटे पडते. शोधून परत आणायची गरज नाही. पण पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करू नका. पोटात कळा, उलट्या सुरू झाल्या तर लगेच कळवा. दोन आठवडे झाले तरी पडलेली दिसली नाही, तर पोटाचा एक्स-रे काढायला या.