मेल उपकरणातील सुरक्षा प्रमाणपत्र

संस्थेच्या मेल सर्व्हरच्या पुढे, थेट इंटरनेटच्या तोंडाशी बसून स्पॅम आणि व्हायरस गाळणाऱ्या यंत्राला मेल उपकरण म्हणतात. इतर सर्व्हरशी होणारे त्याचे संभाषण कूटबद्ध व्हावे आणि हे यंत्र खरोखर त्या संस्थेचेच आहे हे समोरच्याला ताडून पाहता यावे, म्हणून त्यात एक्स.५०९ नमुन्याचे डिजिटल प्रमाणपत्र बसवतात. या नोंदीतील कृतीचा तपशील आयर्नपोर्टच्या उपकरणांचा आहे. ही कंपनी २००७ मध्ये सिस्कोने विकत घेतली. इतर उपकरणांत पडदे वेगळे दिसतात, तत्त्व तेच.

मेल पोचवण्याच्या १९८२ च्या एसएमटीपी मानकात मेल झाकून पाठवण्याची सोयच नव्हती. १९९९ मध्ये स्टार्टटीएलएस ही आज्ञा आली. पोर्ट २५ वर बोलणे उघड्या मजकुरात सुरू होते आणि दोन्ही बाजूंची तयारी असेल तर पुढचे सगळे टीएलएस या कूटबद्ध आवरणाच्या आड जाते. मात्र 'जमले तर टीएलएस' या रीतीत पाठवणारे बहुतेक सर्व्हर समोरचे प्रमाणपत्र तपासतच नाहीत. मुदत संपलेले, भलत्याच नावाचे, स्वतःच सही केलेले, काहीही चालते. ब्राउझर अशा वेळी पानभर इशारा देतो. मेल सर्व्हर मुकाट्याने मेल पोचवतो. म्हणून बिघडलेले प्रमाणपत्र वर्षानुवर्षे खपून जाते आणि एखाद्या बँकेने पडताळणी सक्तीची केली की तिच्याकडून येणारे मेल एकाएकी अडकतात.

प्रमाणपत्र तयार करण्याची आयर्नपोर्टची रीत नवख्याला कोड्यात टाकते. प्रमाणन संस्थेचे, म्हणजे नाव तपासून प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या त्रयस्थ संस्थेचे, प्रमाणपत्र हवे असले तरी आधी 'सेल्फ-साइन्ड' (स्वतःच सही केलेले) हाच पर्याय निवडावा लागतो. त्या वेळी उपकरण की-जोडी, म्हणजे एक खासगी आणि एक उघड कूटकिल्ली, तयार करते; खासगी की आतच राहते आणि सीएसआर, म्हणजे प्रमाणपत्राची मागणी, उतरवून घेता येते. प्रमाणन संस्थेने सही करून दिलेली पीईएम (मजकूर-स्वरूपातली) फाइल नंतर त्याच नोंदीत चढवायची. मधल्या काळात कोणी ती नोंद पुसून त्याच नावाने नवी केली, तर की बदलते आणि विकत घेतलेले प्रमाणपत्र निरुपयोगी ठरते. नाव तेच, संस्था तीच, तरी उपकरण ते स्वीकारत नाही. कारण प्रमाणपत्र जोडलेले असते ते कीशी.

की दुसरीकडे तयार झाली असेल, उदाहरणार्थ अनेक यंत्रांना मिळून एकच प्रमाणपत्र घेतले असेल, तर आयातीचा मार्ग धरावा लागतो. त्यासाठी प्रमाणपत्र आणि खासगी की एकत्र बांधलेली, पासवर्ड घातलेली पीकेसीएस १२ फाइल लागते. तिचे शेपूट सहसा पीएफएक्स किंवा पी१२ असते. ती ओपनएसएसएल या मोफत साधनाने बनवता येते, पण २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून त्यात आपोआप वापरले जाणारे कूटलेखन बदलले. काही जुन्या प्रणालींना ते उलगडत नाही आणि त्या 'पासवर्ड चुकीचा' असे सांगतात. पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून उपयोग नसतो. फाइल 'लेगसी' पर्याय देऊन नव्याने बांधावी लागते.

प्रमाणन संस्था आपल्या रूटने, म्हणजे सर्वांत वरच्या प्रमाणपत्राने, थेट सही करत नाही, मधल्या प्रमाणपत्राने करते. हे मधले प्रमाणपत्रही उपकरणात चढवले नाही तर साखळी तुटते. शिवाय आयात केली म्हणजे काम झाले असे नव्हे. मेल घेणारा लिसनर, मेल पाठवणारी बाजू, व्यवस्थापनाचे वेबपान आणि एलडॅप (वापरकर्त्यांच्या यादीशी) जोडणी, यांतल्या प्रत्येकाला प्रमाणपत्र वेगळे नेमून द्यावे लागते. शेवटी 'कमिट' केल्याशिवाय यातले काहीच लागू होत नाही.

नावाबाबतही घोळ होतो. प्रमाणपत्रात मेलपत्त्यातील @ नंतरचे नाव पुरेल असे वाटते. मेलसाठी टीएलएस सक्तीचे करणाऱ्या एमटीए-एसटीएस या २०१८ च्या मानकानुसार मात्र एमएक्स नोंदीत (क्षेत्रनावाचे मेल कोणत्या यंत्राकडे जाते हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदीत) दिलेले यंत्राचे नाव त्यात असावे लागते. 'लोकल'ने संपणाऱ्या अंतर्गत नावांना सार्वजनिक प्रमाणन संस्था आता प्रमाणपत्र देत नाहीत. मराठीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी २०१४ मध्ये .भारत हे क्षेत्रनाव खुले झाले. तशा नावाच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र काढताना ते पुनीकोड या रोमन अक्षरांच्या रूपातच भरावे लागते.

मुदती झपाट्याने आखडत आहेत. सप्टेंबर २०२० पासून सार्वजनिक प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवस झाली. एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालेल्या वेळापत्रकानुसार ती मार्च २०२६ पासून २००, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. वर्षातून एकदा हाताने फाइल चढवण्याची पद्धत यापुढे टिकणे कठीण आहे. लेट्स एन्क्रिप्टने ९० दिवसांची मोफत प्रमाणपत्रे देताना आपोआप नूतनीकरणाची रीत रुळवली खरी. पण उपकरणात ती सोय नसेल, तर प्रमाणपत्र दुसऱ्या संगणकावर काढून उपकरणात पोचवणारी स्क्रिप्ट लिहावी लागते.

प्रमाणन संस्था निवडताना पाठवणाऱ्याच्या विश्वासयादीत तिचे रूट आहे ना, हे पाहावे. जुलै २०१४ मध्ये एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान यंत्रणेच्या प्रमाणन संस्थेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. ही संस्था भारताच्या सीसीए (प्रमाणन संस्थांचे सरकारी नियंत्रक) रूटखाली होती; ते रूट विंडोजच्या यादीत होते, फायरफॉक्सच्या नव्हते. त्यानंतर क्रोमने सीसीए रूटवरचा विश्वास मोजक्या भारतीय क्षेत्रनावांपुरता मर्यादित केला. सीसीएच्या चौकटीतलीच, आयकर किंवा जीएसटी विवरणपत्रासाठी टोकनवर मिळणारी डीएससी (डिजिटल सहीचे प्रमाणपत्र) मेल उपकरणाला चालेल का, असे काही कार्यालयांत विचारले जाते. चालत नाही. ती व्यक्तीच्या सहीसाठी असते, सर्व्हरच्या नावासाठी नसते. आणि तिची खासगी की टोकनबाहेर काढता येत नसल्याने आयात करायला पीएफएक्स फाइलच तयार होत नाही.